पाटावरचं बदक

सुचिताच्या घरात सगळे कुजबुजत बोलत. सुरुवात तिच्यापासून झाली होती, पण आता ती घराची रीतच होऊन बसली होती. तिचा आवाज कुजबुजीच्या वर चढत नसे, म्हणून नवरा अभिराम तिच्याशी बोलताना नकळत आवाज खाली आणी. आणि आईबाबा कुजबुजतात म्हणजे काहीतरी भारी गुपित चाललंय असं वाटून साडेतीन वर्षांची सईसुद्धा डोळे मोठे करून कुजबुजे, "आई, मला शी आलीये." कामोठ्यातल्या त्यांच्या सोसायटीत समोरच्या दारातल्या काकूंची तर खात्रीच होती की या घरात एकतर रोज भांडण होतं, नाहीतर कुठंतरी जमीन घ्यायचं घाटतंय.

बागेत मात्र कुजबुजून भागत नसे. घसरगुंडीवरून उतरली की सई थेट फाटकाकडे सुटायची, आणि मागून हाक मारायला सुचिताकडे आवाज नव्हता. त्यावर तिनंच तोड काढली. सईचं आंघोळीतलं पिवळं रबरी बदक. पोट दाबलं की 'चीं' करणारं. एकदा चीं म्हणजे इकडे ये, दोनदा चीं म्हणजे आत्ताच्या आत्ता ये. सई जिथे असेल तिथून गर्रकन वळून धावत यायची. बागेतली बाकीची पोरंही यायची. एक तपकिरी कुत्राही यायचा, आणि तो सगळ्यांत आधी यायचा.

आवाज असा का झाला, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. सई तेव्हा नुकती चालायला लागली होती. ऑफिसच्या सहलीत, ओळखीच्याच, सगळ्यांना आपणहून चहा आणून देणाऱ्या एका माणसानं सुचितावर बलात्कार केला. केस कोर्टात आहे, तारखा पडतायत, वकीलबाई चांगल्या आहेत. पुढे ज्यानं त्यानं तिला एकच विचारलं, 'ओरडली का नाहीस?' ओरडली नव्हती, हे खरं. पण ती 'थांब' म्हणाली होती. स्वच्छ, समोरच्याला ऐकू जाईल असं. तो थांबला नव्हता.

तेव्हापासून त्या शब्दाबद्दल तिचं ठाम मत झालं होतं. तो बिघडलाय. मिक्सर बिघडतो तसा. बटण दाबता येतं, पण आत काही फिरत नाही. आणि बिघडलेली वस्तू चारचौघांत चालवून कशाला दाखवायची? म्हणून ती तो शब्द काढतच नसे. रिक्षातून उतरायचं ठिकाण आलं की ती रिक्षावाल्याच्या कानामागे बदक वाजवी. तो बिचारा इतका दचके की रिक्षा आपली आपणच थांबे.

वकीलबाईंनीच तिला नंदिनीचा पत्ता दिला. अशा प्रसंगातून गेलेल्या बायकांना नंदिनी संगीताच्या मदतीनं सावरायला हात द्यायची. जागा तळवलीत, टाइल्सच्या दुकानावरची एक मोठी खोली. कामोठ्याहून दोन बस बदलून जावं लागे, पण तेच बरं होतं. वाटेत ओळखीचं कुणी भेटत नसे. कुणाला काही कळू नये म्हणून दारावरच्या पाटीवर एवढंच लिहिलं होतं: 'मोकळीक. संगीत वर्ग. फक्त महिलांसाठी.'

पहिल्या दिवशी नंदिनीनं टोपलीभर वाद्यं पुढे ठेवली. "ज्याचा आवाज आवडेल ते घ्या." सुचिताला काहीच आवडलं नाही. तिला तर रडूच यायला लागलं. तिनं रुमालासाठी पर्समध्ये हात घातला आणि आतून मोठ्ठा 'चींऽऽ' झाला. सगळ्यांनी वळून पाहिलं. मग नंदिनी अगदी गंभीरपणे म्हणाली, "छान. हे तुमचं वाद्य."

अशी सुचिता बदकवादक झाली.

गटात पाचजणी होत्या. त्यांतल्या दोघी तोंडाला मास्क लावून येत, खुळखुळे वाजवत आणि न बोलता जात. कॉलेजात शिकणारी मनस्वी युकुलेले वाजवायची. तिला दोनच सूर येत, पण ती ते फार मनापासून वाजवी. आणि सारसोळ्याच्या सरस्वतीकाकी. साठीच्या, अंगावर भरघोस सोनं, आवाज खाडीच्या पलीकडे जाईल असा. त्यांचं वाद्य म्हणजे घरून आणलेला पत्र्याचा डबा. एकेकाळी त्यात सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, ठेवायचे, त्यामुळे डबा वाजला की थोडा वासही यायचा. ऐन तरुणपणातली गोष्ट त्यांनी आजवर पोटात ठेवली होती. इथे आल्या, पहिल्याच दिवशी ती सांगून टाकली, डोळे पुसले आणि विचारलं, "मंग आता वाजवाचं कवा?"

गटातल्या सगळ्यांना मिळून गाणं एकही येत नव्हतं. येत होता फक्त एक खेळ. त्याला त्या 'लाट' म्हणत. सगळ्यांनी हळूच वाजवायला लागायचं, आवाज वाढवत वाढवत न्यायचा, आणि जिची पाळी असेल तिनं मनात येईल तेव्हा म्हणायचं, 'थांब.' की सगळ्यांनी तिथल्या तिथे थांबायचं. का, कशाला, आणखी थोडं वाजवू दे ना, असलं काही चालायचं नाही. ती 'चालू' म्हणेपर्यंत चिडीचूप. पाळी जिची तिचीच, दुसरीनं ती घ्यायची नाही. सुचिता गोलात शेवटी बसे. तिची पाळी आली की ती मान हलवून नाही म्हणे आणि मग नंदिनी पितळी घंटी वाजवून खेळ संपवी. कुणी तिला आग्रह केला नाही. पण घरी जाताना, बसच्या खिडकीशी, ती ओठांतल्या ओठांत तो शब्द फिरवून बघे. फिरत नसे. आत काहीतरी अडकलेलंच असे.

आणि मग एका दुपारी जागेचे मालक दिनानाथशेठ पाटील जिना चढून वर आले.

दिनानाथशेठ म्हणजे तळवलीतलं भारदस्त प्रस्थ. पांढरा सदरा, गळ्यात बोटाएवढी साखळी, मन लोण्याचं. "मॅडम," ते नंदिनीला म्हणाले, "रोज खालशी ऐकतंय मी. काय वाजवताव! परवा तं गिऱ्हाईक टाइल्स बघाचं सोडून नाचाला लागलं. आता आमचे हितेशची हलद हाय. तुमचा बँड तिथं पायजेच. आन नाय बोलाचं नाय!"

नंदिनी गेली कित्येक वर्षं बायकांना 'नाही' म्हणायला शिकवत होती. त्यावर तिची व्याख्यानं होत. तिनं दिनानाथशेठकडे पाहिलं, श्वास घेतला, पाठ ताठ केली आणि म्हणाली, "बरं."

शेठ गेल्यावर ती गटाकडे वळली. "मी हो म्हणाले," तिनं कबुली दिली. "का म्हणाले?"

"मॅडम, टेन्शन नका घेऊ," मनस्वी म्हणाली. "प्रॅक्टिस करू. मी शेठ होते. तुम्ही मला नाही म्हणा." आणि तिनं युकुलेले पोटाशी धरून शेठसारखं पोट पुढे काढलं. सरस्वतीकाकींनी तिच्या गळ्यात आपली सोन्याची माळ घातली. नंदिनी तीनदा चुकली, चौथ्यांदा छान नाही म्हणाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच जोशात ती जिना उतरून खाली गेली. वर आली ती चहा पिऊन. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, ती तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं घेऊन वर आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या हातात मानाची साडी होती.

"आता तुम्ही जाऊच नका," मनस्वी म्हणाली. "उद्या तुमच्या नावावर फ्लॅट करून देतील."

त्याच आठवड्यात गावाच्या कमानीवर बॅनर लागला. हितेशचा गॉगल लावलेला फोटो, खाली सगळ्या काका-मामांचे फोटो, आणि एका कोपऱ्यात: 'खास आकर्षण! मोकळीक लेडीज बँड!' सोबत फोटोवाल्यानं कुठून तरी उचललेल्या पाच गोऱ्यापान बायका, उघड्या पाठीचे झगे घालून व्हायोलिन वाजवणाऱ्या.

बॅनर बघून सुचिता दोन पावलं मागे सरली. सरस्वतीकाकी मात्र तोंडाला पदर लावून हसता हसता कमानीलाच टेकल्या. "यातली मी कंची गो? ही? हिचे तं अंगावं तोळाभर सोनं नाय!"

त्या दिवशी नंदिनीनं सगळ्यांना बसवलं. "चूक माझी आहे, ती मीच निस्तरीन. नावं कुठे नाहीत, फोटो आपले नाहीत, कुणाला काही ठाऊक नाही. तरी जिला यायचं नसेल तिनं यायचं नाही. कारण सांगायचं नाही. सगळ्याच नाही म्हणालात तर मी शेठना फोन करून मला कांजिण्या झाल्यात म्हणून सांगेन."

मास्कवाल्या दोघींनी मान हलवली. नाही. इतक्या सहज की नंदिनीला हेवाच वाटला.

"मी येनार," सरस्वतीकाकी म्हणाल्या. मग डब्यावर बोटं फिरवत त्यांनी आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली येणं इतकं दुर्मीळ होतं की सगळ्या तिकडे बघायला लागल्या. "आमचे गावांत जी हलद हुयाची, तिथं तो मानूस म्होरं बसलेला असाचा. मानानं. मंग मी मागले खुर्चीवं. सगल्या नाचाच्या, माजे पाय खुर्चीखाली नाचाचे. तलवलीला तो नसनार. मना एकदा म्होरं उबी ऱ्हाऊन वाजवाचं हाय."

मनस्वी म्हणाली, "मी आहेच काकी." आणि सुचिता कुजबुजली, "मीपण येते. पण माझी पाळी आली की नेहमीसारखंच."

"नेहमीसारखंच," नंदिनी म्हणाली. "घंटी माझ्याकडे."

हळदीच्या संध्याकाळी मांडव असा फुलला होता की आत शिरायला वाट नव्हती. पिवळ्या साड्या, पिवळे सदरे, मधोमध रांगोळीत ठेवलेला नवरदेवाचा पाट, मोठमोठ्या टोपांत शिजणारं मटण. बेंजोवाले भाच्या-पुतण्यांना नाचवून घामाघूम झाले होते. अभिराम सईला खांद्यावर घेऊन कडेला उभा राहिला. आणि दिनानाथशेठनी माईक हातात घेतला: "आता आपला इंटरनॅशनल लेडीज बँड!"

लोकांनी माना उंचावल्या. पुढे आल्या डबा घेतलेल्या एक काकी, युकुलेलेवाली मुलगी, घंटी धरलेल्या मॅडम आणि हातात बदक असलेली एक बाई.

"व्हायोलिन कुठंय?" कुणीतरी विचारलं.

सरस्वतीकाकींनी डब्यावर थाप मारली, आणि व्हायोलिनची आठवण कुणाला उरली नाही.

लाट सुरू झाली. डबा, दोन सूर आणि चीं. बेंजोवाल्यांना राहवेना, तेही मिसळले. आवाज वाढत गेला, पाय उचलायला लागले, आणि ऐन रंगात मनस्वी ओरडली, "थांब!" चौघी थांबल्या. बेंजोवाले गांगरून थांबले. मांडव हात वर केलेलाच राहिला. "चालू!" पुन्हा धडाका. पोरांना आधी कळलं, मग आयांना, मग आज्यांना. पुढच्या 'थांब'ला आख्खा मांडव खेळात होता. काकींनी आपल्या पाळीला लोकांना एका पायावर इतका वेळ उभं ठेवलं की एक मामा बुंदीच्या परातीत बसले.

फक्त एक घोळ होत होता. इकडे चीं झालं की तिकडे सई बापाच्या खांद्यावरून सुटायची, लोकांच्या पायांमधून वाट काढत आईपाशी यायची, "काय गं आई?" म्हणून विचारायची आणि उत्तर मिळायच्या आत बाप तिला उचलून न्यायचा. सातव्या-आठव्या खेपेला ती आली तेव्हा नखशिखांत हळदीची झाली होती, आणि तिनं सरळ आईच्या हातातून बदकच काढून घेतलं. "ते दमलंय," असं सांगून ती पसार झाली.

आणि सुचिताची पाळी आली.

तिनं मान हलवली. नेहमीसारखंच. मग नंदिनीकडे पाहिलं. नंदिनी स्वतःच्या हातांकडे बघत होती. हात रिकामे होते. घंटी कुणीतरी काकू मघाशीच "देवाला पायजे" म्हणून घेऊन गेली होती, आणि नंदिनी तिलाही 'बरं' म्हणाली होती.

लाट काही थांबेना. पाळी जिची तिचीच. सरस्वतीकाकी मरेस्तोवर वाजवायच्या तयारीत होत्या. मनस्वीची बोटं लाल झाली. नाचणारे एकमेकांना धरून नाचायला लागले. एक आजीबाई खुर्चीत बसून नुसती मान डोलवत होत्या. सगळे आशेनं बँडकडे बघत होते, आणि बँड सुचिताकडे. तिच्या घशात तो शब्द होता. पण तो बिघडलेला. इतक्या लोकांत दाबला आणि काहीच फिरलं नाही तर? मग पुन्हा तेच होईल. म्हणायचं, आणि कुणी थांबायचं नाही. एकदा सोसलं होतं. दुसऱ्यांदा नको.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. मित्रांनी हितेशला खांद्यावर घेतलं होतं आणि ते त्याला नाचवत नाचवत पाटाकडे आणत होते. हितेश रोज जिमला जाणारा, भरल्या अंगाचा. सुचितानं पाटाकडे पाहिलं. पाटावर, अगदी मधोमध, डोक्याला हळद आणि तांदूळ लावलेलं, मुंडावळ्यांच्या जागी फुलाची पाकळी चिकटवलेलं तिचं बदक बसलं होतं. शेजारी सई मांडी घालून, करवलीच्या थाटात.

मित्रांनी हितेशला खाली सोडायला घेतलं.

"थांब!"

आवाज कुणाचा हे तिलाच कळलं नाही. डबा थांबला. बेंजो थांबला. मित्र थांबले. हितेश हवेत थांबला, पाटापासून वीतभर वर, पाय आखडून, तोंड उघडं. टोपात डाव फिरवणारा आचारीसुद्धा थांबला. पार मागे, बुंदीच्या परातीतून उठणारे मामा अर्धवट उठलेलेच राहिले. आख्ख्या मांडवात फक्त वरचा पंखा फिरत होता, आणि त्यालाही थोडं ओशाळल्यासारखं झालं असावं.

कुणी 'का' विचारलं नाही. कुणी 'अजून थोडं' म्हणालं नाही.

सुचिता तशीच उभी. तिनं डावीकडे पाहिलं. थांबलेले. उजवीकडे पाहिलं. थांबलेले. शब्द फिरत होता की! शब्दाला काहीच झालेलं नव्हतं. तो तेव्हाही धडच होता. तो माणूस थांबला नव्हता, एवढंच. हे ती मनाशी दोनदा म्हणाली, आणि मग घाई न करता पाटाकडे गेली.

"वैनी," हितेश हवेतून नम्रपणे म्हणाला, "बसू?"

"अजून नाही," सुचिता म्हणाली. कुजबुजून नाही. नेहमीच्या, बोलायच्या आवाजात.

"नाय, चालंल," हितेश म्हणाला. त्याला धरणाऱ्यांचे हात थरथरायला लागले होते, पण एकानंही चकार शब्द काढला नाही.

तिनं बदक उचललं. पदरानं त्याच्या डोक्यावरची हळद पुसली, मग वाटलं राहू दे, छान दिसतेय. सईला पाटाशेजारून उठवलं. अभिरामकडे पाहिलं, तो डोळे पुसत होता आणि शेजारच्या अनोळखी आजोबांच्या उपरण्यानं पुसत होता. सरस्वतीकाकींचा हात डब्यावर वरच्या वर अधांतरी होता आणि चेहरा असा, की जणू कुणी त्यांना पोटभर जेवू घातलंय.

"चालू," सुचिता म्हणाली.

हितेश धपकन पाटावर आला आणि मांडवात जो काही कल्ला उठला, तो थेट घणसोलीपर्यंत गेला असेल.

जेवणं चालू असताना दिनानाथशेठ खूश होऊन आले. "मॅडम, आमचे पुतन्याची हलद हाय पुढले महिन्यान. तुमी याचं. नाय बोलाचं नाय!"

नंदिनीनं श्वास घेतला. पाठ ताठ केली. "नाही शेठ. नाही जमणार."

"बरं," शेठ म्हणाले. "मटन वाढू?"

"एवढंच होतं?" नंदिनीनं मनस्वीला विचारलं.

परतताना रिक्षा कामोठ्यात सोसायटीजवळ आली. सुचिताचा हात सवयीनं पर्समधल्या बदकाकडे गेला, आणि तिथेच राहिला. "दादा, थांबा इथं," ती म्हणाली. रिक्षा थांबली. न दचकता, साधी, रोजच्यासारखी. तिला वाटलं, आणखी एकदा थोडं पुढे जाऊन थांबवून बघावं.

खाली उतरताच सई फाटकाकडे सुटली.

"सई, थांब!"

सई एका पायावर थांबली. दुसरा पाय हवेत, दोन्ही हात पंखांसारखे पसरलेले, अंगभर हळद. मान वळवून तिनं आईकडे पाहिलं. तिच्या आठवणीत तरी आईनं तिला नावानं हाक मारलेली ही पहिलीच. मग ती तोल सावरत, घरच्या रीतीप्रमाणे कुजबुजली, "आई, आता चालू?"

"थोडं थांब हं," सुचिता मोठ्यानं म्हणाली. "मला बघू दे."

वरच्या मजल्यावर समोरच्या काकूंच्या खिडकीतला दिवा लागला.